सासूबाईंची पणजी चेरोकी होती का? जुन्या नोंदींत कसं शोधायचं?

रेडबड

नमस्कार मंडळी. मी मूळची साताऱ्याची, गेली १४ वर्षं ओक्लाहोमात टल्साला राहते. नवरा अमेरिकन, त्याचं गाव इथून पूर्वेला, आर्कान्सात. लेक ११ वर्षांची आहे आणि यंदा तिच्या वर्गात प्रत्येकाने आपापली वंशावळ काढायची आहे. माझ्या बाजूचं काम दोन फोनमध्ये उरकलं. काकांकडे सात पिढ्या लिहून ठेवलेल्या आहेत (त्यात एकाही बाईचं नाव नाही, त्याबद्दल काकांशी वेगळं बोलायचं आहे).

नवऱ्याच्या बाजूला मात्र एक गोष्ट आहे. माझ्या लग्नापासून सासूबाई मला सांगत आल्या आहेत की त्यांची पणजी, म्हणजे त्यांच्या आईच्या आईची आई, चेरोकी या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांपैकी होती. काळेभोर सरळ केस, वर आलेली गालफडं, रानातल्या मुळ्यांची माहिती. तिचा एक फोटोही आहे घरात. लेकीच्या वर्गातली चार-पाच मुलं चेरोकी नेशनची नागरिक आहेत. परवा तिने मला विचारलं, "आई, मग मी पण चेरोकी का?" मला उत्तर देता आलं नाही. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, त्यांनाही हे एकदा नक्की कळायला हवं आहे.

डॉज रोल नावाची जुनी यादी असते एवढं ऐकलं होतं. ओक्लाहोमाच्या ऐतिहासिक संस्थेच्या संकेतस्थळावर ती फुकट शोधता येते. पणजीचं नाव आणि माहेरचं आडनाव टाकलं तर अगदी त्याच नावाच्या दोन बायका निघाल्या! एकीचं वय ३४ लिहिलंय, ते जुळतंय असं वाटतं. सासूबाईंना सांगण्याआधी इथे विचारते. हीच ती, हे कसं ठरवायचं?

जुनीवही

ताई, अजून सांगू नका. नाव सापडणं ही सगळ्यात सोपी गोष्ट असते आणि सगळ्यात जास्त फसवणारी. मी फोर्ट वर्थजवळ राहतो. डॉज आयोगाची मूळ कागदपत्रं तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून माझे बरेच दिवस तिथेच जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ही यादी झाली का, ते. डॉज हे मॅसेच्युसेट्सचे सिनेटर. त्यांच्या नावाचा आयोग १८९३ साली नेमला गेला. चेरोकी, चोक्टॉ, चिकसॉ, क्रीक आणि सेमिनोल या पाच राष्ट्रांची जमीन सामाईक होती. ती मोडून माणशी तुकडे पाडायचे, म्हणजे उरलेल्या प्रदेशाचं राज्य करता येईल, हा हेतू. तुकडे पाडायचे तर माणसं मोजायला हवीत. १८९८ च्या कर्टिस कायद्याने आयोगाला यादी करण्याचे पूर्ण अधिकार मिळाले, नावनोंदणी मुख्यतः १८९८ ते १९०६ चालली आणि ४ मार्च १९०७ ला यादी बंद झाली. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला ओक्लाहोमा राज्य झालं. पाचही राष्ट्रं मिळून अडीच लाखांवर लोकांनी अर्ज केले, मंजूर झाले १ लाख १ हजारांच्या आसपास. म्हणजे निम्म्याहून अधिक नामंजूर. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता तुमच्या सूचीतल्या बाईबद्दल. नावापुढे दोन क्रमांक असतात, एक कार्डाचा आणि एक रोलचा. कार्डाचा क्रमांक घेऊन मूळ कार्डाचं चित्र काढा. एका कार्डावर एक अख्खं कुटुंब असतं: प्रमुखाशी नातं, वय, रक्ताचं प्रमाण, आईवडिलांची नावं, आणि १८८० किंवा १८९६ च्या चेरोकी यादीत ते कोणत्या जिल्ह्यात होते तेही. चेरोकी राष्ट्राचे तेव्हा नऊ जिल्हे होते: ताहलेक्वा, गोइंग स्नेक, फ्लिंट, कूवीस्कूवी वगैरे. नवरा आणि मुलं तुमच्या पणजीचीच आहेत का ते बघा. वय नोंदणीच्या दिवशीचं असतं, आजच्या हिशोबाने मोजू नका. कार्डाखेरीज अर्जाचं पाकीट वेगळं असतं, त्यात जबान्या, लग्नाचे दाखले, लहान मुलांच्या जन्माची प्रतिज्ञापत्रं असतात. खरा खजिना तो.

एक प्रश्न मात्र सगळ्याच्या आधी. १८९८ ते १९०६ या काळात पणजी राहत कुठे होती? इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या पूर्व ओक्लाहोमात, की आर्कान्सात?

रेडबड

बापरे, इतकी माहिती! मनापासून आभार. कार्ड काढते. आर्कान्सातच होती असं सासूबाई म्हणतात, पण सरहद्दीपासून फार लांब नव्हे.

नदीकाठी

मी ताहलेक्वाला नोकरीनिमित्त आठ वर्षं आहे, शेजारी आणि सहकारी बहुतेक चेरोकी. वरच्या धाग्यात एक गोष्ट आधीच स्पष्ट व्हावी असं वाटतं. लेकीच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. पणजी चेरोकी वंशाची होती का, हा एक. लेक चेरोकी आहे का, हा दुसरा. इथली माणसं या दोन्हींत फार काटेकोर फरक करतात आणि त्यांचं बरोबर आहे.

अमेरिकेच्या केंद्र सरकारने मान्य केलेली चेरोकी राष्ट्रं तीनच. चेरोकी नेशन आणि युनायटेड कीटूवा बँड, दोघांचंही मुख्य ठाणं ताहलेक्वा. तिसरं ईस्टर्न बँड, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात. चेरोकी नेशनमध्ये रक्ताच्या प्रमाणाची किमान अट नाही, पण थेट पूर्वज डॉज रोलवर हवा. कीटूवा बँड एक चतुर्थांश रक्त मागतो. ईस्टर्न बँडला १९२४ च्या बेकर रोलवरचा थेट पूर्वज आणि किमान एक सोळांश रक्त लागतं. तिन्हींचे नियम त्यांनी स्वतः ठरवलेले आहेत. नागरिकत्व कोणाला द्यायचं हे राष्ट्रच ठरवतं, नाही का? आपल्याला तरी भारतीय पासपोर्ट चेहरा बघून मिळालेला नाही.

याशिवाय "चेरोकी" नाव लावणारे अनेक गट आहेत, काही पैसे घेऊन ओळखपत्रंही देतात. त्यांच्या नादी लागू नका. चेरोकी नेशन नागरिकत्वाच्या अर्जाला पैसे घेत नाही.

कऱ्हाकाठ

वाचतोय. हे वाचताना जात पडताळणीची आठवण येतेय सारखी. पुतणीच्या वेळी १९६७ पूर्वीचा पुरावा हवा म्हणून आम्ही तालुक्याला किती हेलपाटे घातले! शेवटी कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, आजोबांच्या भावाच्या जन्माची नोंद सापडली. मोडीत होती. तिथेही असंच: एका विशिष्ट तारखेच्या आधीचा कागद, आणि त्या कागदापर्यंत प्रत्येक पिढीचा दुवा. कागद नाही तर माणूस नाही.

नदीकाठी

@कऱ्हाकाठ, शोधण्याची रीत तशीच आहे, हे खरं. पण तुलना तिथेच थांबते. जातीचा दाखला सरकार देतं, नागरिक सरकारचाच असतो. इथे चेरोकी राष्ट्राचं स्वतःचं संविधान आहे, न्यायालयं आहेत, निवडून आलेला प्रमुख आहे, अमेरिकेशी केलेले करार आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच म्हटलं आहे की आदिवासी राष्ट्राचं सदस्यत्व ही वांशिक नव्हे, राजकीय ओळख आहे. "माझ्यात थोडं चेरोकी रक्त आहे" असं सहज म्हणणाऱ्या माणसासमोर माझे सहकारी गप्प होतात, ते याचमुळे.

कऱ्हाकाठ

पटलं. राजकीय ओळख हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता.

रेडबड

कार्ड मिळालं. ती आमची नाही. :( नवऱ्याचं नाव वेगळं, पाच मुलं, कूवीस्कूवी जिल्हा. दुसरी तर चार वर्षांची मुलगी निघाली.

शिवाय जुनीवहींनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं. १९०० च्या जनगणनेत पणजी वायव्य आर्कान्सात आहे, नवरा, सहा मुलं, शेती. जन्म १८६५, जन्मस्थळ जॉर्जिया. वंशाच्या रकान्यात सगळ्यांपुढे गोरे असं लिहिलंय. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. म्हणजे शोध इथेच संपला का?

जुनीवही

नाही संपला. उलट आत्ता कुठे नीट सुरू झाला, कारण आता तुम्ही गोष्टीवरून पुढे येत नाही आहात, सापडलेल्या कागदावरून मागे जाता आहात. जनगणनेतला वंशाचा रकानाही शेवटचा शब्द समजू नका. तो मोजणीदाराने भरलेला असतो, कधी विचारून, कधी दारातून बघून. (इंडियन टेरिटरीत असती तर १९०० साली वेगळा तक्ता होता, त्यात स्वतःची, वडिलांची आणि आईची जमात वेगवेगळी विचारली होती.)

डॉज रोल मात्र तुमच्यासाठी बंद. नाव लागायला अर्जदार टेरिटरीत राहणारा असावा लागे. आर्कान्सा, टेक्सस, टेनेसीत राहणारी खरीखुरी चेरोकी घराणीसुद्धा त्यावर नाहीत. म्हणजे यादीवर नाव नाही म्हणून पूर्वज चेरोकी नव्हता असं सिद्ध होत नाही. पण नागरिकत्वाचा रस्ता त्या फाट्यावरून जात नाही, तेही तितकंच खरं. दोन्ही वाक्यं एकत्रच लक्षात ठेवावी लागतात.

आता गायॉन मिलर यांच्या यादीकडे वळा. १८३५ च्या करारानंतर (याच कराराने चेरोकींना पूर्वेकडची जमीन सोडून पश्चिमेला जायला लावलं) चेरोकींना जे पैसे द्यायचे होते ते अमेरिकेने पूर्ण दिले नव्हते. चेरोकींनी दावा लावला, १९०५ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, १९०६ मध्ये काँग्रेसने दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली. पैसे वाटायचे कोणाला हे ठरवायला मिलर यांना नेमलं. १८३५-३६ आणि १८४६ च्या करारांच्या वेळी जे पूर्वेकडचे चेरोकी होते, त्यांचे २८ मे १९०६ ला हयात असलेले वंशज पात्र. राहत कुठेही असोत! तुमच्यासाठी मोलाचं आहे ते हेच. जवळजवळ ४६ हजार अर्ज आले, त्यांत सुमारे ९० हजार माणसांचा दावा होता. पात्र ठरले ३०,२५४. त्यातले ३,२०३ मिसिसिपीच्या पूर्वेला राहणारे, बाकी पश्चिमेला.

आणि नामंजूर झालेले अर्जही जपून ठेवलेले आहेत. मला हे अर्ज डॉजच्या कार्डांहून जास्त आवडतात. त्यात अर्जदाराने आपले आईवडील, दोन्हीकडचे आजी-आजोबा, भावंडं, काका-मामा-आत्या-मावशा, त्यांची जन्मस्थळं, कोण कधी वारलं, सगळं लिहायचं असे. आईवडील १८५१ मध्ये कुठे राहत होते, हाही एक प्रश्न. कारण त्या वर्षी दोन याद्या झाल्या होत्या: मागे राहिलेल्यांची सायलरची, आणि हाकलून पश्चिमेला नेलेल्यांची ड्रेननची. उत्तर कोणत्या यादीशी जुळतं ते ताडून बघत.

तुमची पणजी १९०६ मध्ये ४१ वर्षांची होती. घरात चेरोकी असल्याची गोष्ट तेव्हाही चालत असेल तर तिने किंवा तिच्या भावंडांनी अर्ज केला असण्याची चांगली शक्यता आहे. तिच्या माहेरच्या आणि सासरच्या, दोन्ही आडनावांनी शोधा.

पिंपळपान

एक बाळबोध प्रश्न. डीएनए चाचणी करून एका दिवसात सोक्षमोक्ष लागणार नाही का?

जुनीवही

नाही लागणार. थुंकीची चाचणी फार तर अमेरिका खंडांतल्या मूळ रहिवाशांचा अंश सांगते, चेरोकी की चोक्टॉ हे सांगू शकत नाही. पाचसहा पिढ्यांपूर्वीच्या एका पूर्वजाचा अंश वाटणीत पूर्ण गळूनही जाऊ शकतो. शिवाय तिन्ही राष्ट्रं नागरिकत्वासाठी अशी वंशाची चाचणी मानत नाहीत. २०१८ मध्ये सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी आपल्या चाचणीचा निकाल जाहीर केला होता, तेव्हा चेरोकी नेशनने उघड नाराजी व्यक्त केली. पुढे त्यांनी राष्ट्राची माफी मागितली.

नदीकाठी

आणि गालफडं, केस यांवरून तर मुळीच नाही. माझ्या ओळखीत सोनेरी केसांचे, निळ्या डोळ्यांचे चेरोकी आहेत, त्यांच्या आज्या घरात चेरोकी बोलतात.

"पणजी चेरोकी होती" ही गोष्ट अमेरिकेत किती घरांत आहे याचा अंदाज यावा म्हणून सांगते. २०२० च्या जनगणनेत १५ लाखांहून जास्त लोकांनी स्वतःला पूर्ण किंवा अंशतः चेरोकी म्हटलं. तिन्ही राष्ट्रांचे नागरिक मिळून ही संख्या भरत नाही. चेरोकी राजकन्येची गोष्ट तर फारच ऐकू येते. चेरोकींमध्ये राजेच नव्हते, मग राजकन्या कुठून येणार! अठराव्या शतकात व्यापारी आणि चेरोकी बायका यांची लग्नं खरोखर झाली, त्यामुळे काही घरांत गोष्ट खरी असते. काही घरांत मात्र पणजी आफ्रिकन वंशाची होती आणि दक्षिणेतल्या वर्णभेदी कायद्यांपासून मुलांना वाचवण्यासाठी तिला चेरोकी म्हटलं गेलं. तेव्हा ताई, तुमच्या शोधात काय निघेल हे आधी ठरवून ठेवू नका. सासूबाईंचीही तशी तयारी करा.

अक्षरवेल

अवांतर, पण राहवत नाही. कुणाला सेक्वोयाबद्दल लिहायचंय का? लिहायला-वाचायला न येणाऱ्या एका चेरोकी चांदीकाम करणाऱ्याने १८२१ च्या सुमाराला आपल्या भाषेची लिपी एकट्याने तयार केली. आज तिच्यात ८५ चिन्हं आहेत, एकेक चिन्ह एकेका अक्षराचं, म्हणजे आपल्या का, की, को सारखं पूर्ण उच्चाराचं. काही वर्षांत हजारो लोक वाचायला शिकले आणि २१ फेब्रुवारी १८२८ ला जॉर्जियात न्यू एकोटा इथून 'चेरोकी फीनिक्स' हे द्विभाषिक वृत्तपत्र निघालं. 'दर्पण' निघायला अजून चार वर्षं होती! आणि त्यानंतर फक्त १० वर्षांनी त्याच लोकांना तिथून हाकललं. हे मी जेव्हा वाचतो तेव्हा मला राग येतो, अजूनही.

जुनीवही

@अक्षरवेल, अवांतर अजिबात नाही. नावं शोधताना त्या लिपीचा थेट संबंध येतो. चेरोकी उच्चाराची नावं इंग्रजी कारकुनाने कानावर पडतील तशी लिहिली. एकाच माणसाचं नाव तीन याद्यांत तीन प्रकारे असतं, कधी चेरोकी नाव, कधी त्याचं भाषांतर, कधी तिसरंच इंग्रजी. म्हणून स्पेलिंगवर अडून बसू नये, कुटुंब जुळतंय का ते बघावं.

आणि हाकलण्याबद्दल. २९ डिसेंबर १८३५ च्या न्यू एकोटा करारावर मेजर रिज, त्यांचा मुलगा जॉन, एलायस बूडिनॉट अशा मोजक्याच लोकांनी सह्या केल्या. निवडून आलेले प्रमुख जॉन रॉस आणि बहुसंख्य चेरोकी विरोधात होते. तरी सिनेटने तो मंजूर केला. १८३८-३९ मध्ये सुमारे १६ हजार लोकांना सैन्याच्या पहाऱ्यात पश्चिमेला नेलं, त्यात सुमारे ४ हजार गेले असं सर्वसाधारणपणे मानतात. १८३५ ची हेंडरसन यादी त्याच्या आधीची. तिच्यात फक्त कुटुंबप्रमुखांची नावं आहेत, बाकीचे आकड्यांत. इथे माझा शोध दर वेळी अडतो. पत्नी, मुली, म्हाताऱ्या आया नुसत्या आकडा होऊन राहिल्या आहेत. चेरोकींमध्ये कुळ आईकडून चालतं, लांडगा, हरीण, पक्षी अशी सात कुळं आहेत, आणि सरकारने लिहिली ती बापांची नावं! रेडबडताई, तुमच्या काकांची वही आठवली.

कऱ्हाकाठ

चांगलं निरीक्षण. आमच्या त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीतही आजी "अमक्याची पत्नी" म्हणूनच आहे.

माळरान

धागा वाचतोय, वाचनखूण साठवली. पण डॉज यादी म्हणजे अंतिम सत्य असा सूर का? ज्या यादीमुळे जमीन गेली तिच्यावर नाव घालायला नकार देणारेही असतील ना?

जुनीवही

होते, आणि बरेच होते. रेडबर्ड स्मिथ यांच्या मागे असलेल्या कीटूवा लोकांनी नाव द्यायला नकार दिला. १९०२ मध्ये स्मिथ यांना अटक झाली. अनेकांची नावं त्यांच्या परवानगीशिवाय, शेजाऱ्यांना विचारून यादीत घातली गेली. रक्ताचं प्रमाण तर कारकुनाने अंदाजाने लिहिलेलं कितीदा दिसतं, एकाच आईबापांच्या मुलांपुढे वेगवेगळे अपूर्णांक. त्या अपूर्णांकाचे परिणाम खरे झाले. १९०८ च्या कायद्याने अर्ध्याहून कमी रक्त लिहिलेल्यांच्या जमिनीवरची विक्रीबंदी उठली आणि त्या जमिनी पटापट दुसऱ्यांच्या हाती गेल्या.

नदीकाठी

यादीचा सगळ्यात मोठा अन्याय फ्रीडमन, म्हणजे गुलामीतून मुक्त झालेल्या लोकांवर झाला, तो इथे लिहायलाच हवा. काही चेरोकींनी आफ्रिकन लोकांना गुलाम म्हणून ठेवलं होतं, १८३५ च्या मोजणीत असे सुमारे १,६०० लोक आहेत. त्यांनाही पश्चिमेला चालत नेलं गेलं. यादवी युद्धानंतर १८६६ च्या करारात मुक्त झालेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना मूळ चेरोकींचे सगळे हक्क मिळाले. पण डॉज आयोगाने दोन वेगळ्या याद्या केल्या, "रक्ताने" आणि "फ्रीडमन". फ्रीडमनच्या कार्डावर रक्ताचं प्रमाण लिहिलंच नाही, आजोबा चेरोकी असले तरीही. सुमारे १०० वर्षांनी तेच त्यांच्याविरुद्ध वापरलं गेलं. २००७ च्या मतदानात सुमारे २,८०० फ्रीडमन वंशजांचं नागरिकत्व गेलं. २०१७ मध्ये केंद्रीय न्यायालयाने १८६६ च्या करारावर बोट ठेवून त्यांचा हक्क मान्य केला आणि २०२१ मध्ये चेरोकी नेशनच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने संविधानातले "रक्ताने" हे शब्द काढायला लावले. माझी एक सहकारी फ्रीडमन वंशाची आहे. तिची आजी आयुष्यभर स्वतःला चेरोकी म्हणायची आणि कार्ड हातात येण्याआधी गेली. कार्ड आल्यावर ही ते घेऊन आधी आजीच्या थडग्यावर गेली.

पिंपळपान

निःशब्द. हे काहीच माहीत नव्हतं.

रेडबड

तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय. मंडळी, अर्ज सापडला!

माहेरच्या आडनावाने काही मिळत नव्हतं. जुनीवहींनी व्यक्तिगत निरोपात सुचवल्याप्रमाणे पणजीच्या धाकट्या भावाच्या नावाने शोधलं, त्याचा अर्ज मिळाला, आणि त्यात "माझ्या बहिणीचा अर्ज बघा" म्हणून तिचा क्रमांक! कारकुनाने आडनावात एक अक्षर गाळलं होतं.

अर्ज १९०७ च्या उन्हाळ्यातला आहे, मुदत ३१ ऑगस्टला संपत होती. नावं इथे लिहीत नाही, पण बाकी सांगते. चेरोकी नाव काय, या प्रश्नापुढे "नाही". चेरोकी वंश आईकडून सांगितलाय. आई जॉर्जियात जन्मली, १८५१ मध्येही जॉर्जियातच. आजीबद्दल लिहिलंय की ती अर्धी चेरोकी असल्याचं "मला नेहमी सांगितलं गेलं". पूर्वी कोणत्याही यादीत नाव होतं का, तर "माहीत नाही". खाली सही नाही, फुलीची खूण आहे, आणि दोन साक्षीदार.

निकाल: नामंजूर. पूर्वजांपैकी कोणी त्या करारांत सामील असल्याचं दिसत नाही, १८३५ आणि १८५१ च्या याद्यांत नावं नाहीत, अशा अर्थाची एक ओळ.

काल सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. निकालाची ओळ आली तेव्हा त्या गप्प झाल्या. मला वाटलं, चूक केली का मी. मग म्हणाल्या, पुन्हा मुलांची नावं वाच. अर्जात पणजीने आपल्या आठ मुलांची नावं, जन्मसाल लिहिली आहेत. सासूबाईंची आजी त्यात सतरा वर्षांची. जनगणनेत सहा होती, इथे आठ, कारण १९०० नंतर दोन झाली. त्यातला एक मुलगा १९०५ मध्ये वारला, त्याचं नाव सासूबाईंच्या वडील भावाचं नाव आहे. ते नाव कुठून आलं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी ते नाव तीनदा उच्चारलं.

जुनीवही

किती छान काम केलंत! नामंजूर अर्जाने निराश होऊ नका, दावे सगळ्या प्रकारचे होते. साइझमोर घराण्याच्या एकाच पूर्वजाच्या नावाने सुमारे दोन हजार अर्ज आले होते आणि ते सगळे फेटाळले गेले. त्यातले बहुतेक लोक खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. त्यांनाही "नेहमी सांगितलं गेलं" होतं.

आता जॉर्जियातली १८५० ची जनगणना बघा. पणजीची आई तेव्हा मूल असेल, आईवडिलांच्या घरात सापडेल. त्या परगण्याचे जमिनीचे आणि वारसाचे कागदही बघा. पण एक सांगतो: १८५१ च्या याद्यांत नाव नसेल, तर पुढे ठोस काही मिळण्याची शक्यता कमी आहे.

नदीकाठी

लेकीला काय सांगितलंत, ते वाचायची उत्सुकता आहे.

रेडबड

तिला म्हटलं, तू चेरोकी नेशनची नागरिक नाहीस. खापरपणजीच्या आईला वाटत होतं की तिची आजी चेरोकी आहे आणि तिने ते सरकारला सांगून बघितलं, सरकारला पुरावा सापडला नाही. तिने बराच वेळ विचार केला. मग वंशावळीत त्या चौकोनात पणजीच्या नावाखाली लिहिलं, "१९०७ मध्ये अर्ज केला". चेरोकी असं लिहिलं नाही. वर्गातल्या मैत्रिणीला तिच्या पणजोबांच्या डॉज कार्डावर कोणता जिल्हा आहे ते विचारून आली, गोइंग स्नेक. दोघी आता नकाशावर तो जिल्हा शोधत बसल्या आहेत.

माझ्या बाजूच्या सात पिढ्यांत तिने सगळ्या बायकांसाठी रिकामे चौकोन काढून ठेवलेत. आज रात्री काकांना फोन लावते. आत्याआजीला पण.

१८५० च्या जनगणनेत जॉर्जियातला परगणा ओळखायला मदत लागेल, अर्जात गावाचं नाव नीट लागत नाहीये. जुनीवही, चित्र निरोपात पाठवू का?

जुनीवही

पाठवा. उद्या सकाळीच बसतो.